जाईचा हिरवा दिवा

३ नोव्हेंबर, सोमवार

चंद्रशेखर रामकृष्ण सुर्वे आज मला म्हणाला, "या मॅडम, बसा. चहा घेणार ना?" चौदा वर्षांपूर्वी हाच माणूस मला म्हणाला होता, "नाटकं बंद कर आणि पळ." मी बसले. चहा घेतला. साखर जास्त होती. त्याने मला ओळखलं नाही.

घरी येताना नेरूळ स्टेशनजवळच्या दुकानातून ही वही घेतली. आईने विचारलं तर ऑफिसच्या नोंदी म्हणून सांगायचं.

सगळं सुरुवातीपासून लिहिते, म्हणजे पुढे माझाच गोंधळ नको. मी रबाळ्याच्या एका छोट्या कंपनीत आहे. आम्ही काडेपेटीएवढे सेन्सर बनवतो. धावपटूच्या दोन्ही नडग्यांवर, घोट्याच्या जरा वर, ते पट्ट्याने बांधायचे. पाऊल जमिनीवर पडलं की हाडाला किती झटका बसला ते मोजतात आणि डाव्या-उजव्या पायात किती टक्के फरक आहे ते सांगतात. पाय दुखत असला की माणूस तो नकळत वाचवतो. आमचे साहेब निखिल प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतात की तोंड खोटं बोलेल, पाय बोलत नाही. फरक दहाच्या वर गेला की त्या मुलीच्या नावापुढचा दिवा लाल होतो आणि कोचने तिला थांबवायचं असतं.

मी सतरा वर्षांची होते तेव्हा असला दिवा नव्हता. पंधराशे मीटर पळायचे. डावी नडगी तीन आठवडे ठणकत होती, कोच सुर्वेला रोज सांगत होते. तो हातातल्या घड्याळाकडे बघायचा आणि म्हणायचा, "वेळ तर बरी येतेय." निवड चाचणीत तिसऱ्या फेरीला हाड मोडलं. आठव्या दिवशी हॉस्टेलची खोली रिकामी करायला सांगितली, मी हॉस्पिटलात असतानाच. बाबा जाऊन गादी घेऊन आले. त्या दिवशी मी वहीच्या शेवटच्या पानावर त्याचं पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट, विसरू नये म्हणून. जशी काय विसरणारच होते!

आता कंपनीने तीन महिन्यांसाठी मलाच इथे, नेरूळच्या अकादमीत पाठवलंय. आठ मुली, एक मैदान आणि कोच हा. देवबिव मी मानत नाही, पण आज कुणाचे तरी आभार मानावेसे वाटले.

५ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी पावणेसहाला मैदानावर. सामानाच्या शेडमध्ये भिंतीवर स्क्रीन लावला, आठ नावं, आठ दिवे. सगळे सेन्सर सारखेच दिसतात म्हणून प्रत्येक जोडीवर लाल नेलपॉलिशने नंबर घातले. जाई चार नंबर, ईश्वरी सात नंबर. बाकीच्या सहाजणींचे पाय ठीक आहेत, त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

जाई म्हणजे त्याच्या गळ्यातला ताईत. उंच, लांब टांगांची, सारखी हसणारी. वडील बेलापूरला सरकारी कचेरीत मोठ्या हुद्द्यावर. गाडीतून उतरते आणि "गुड मॉर्निंग मॅडम, आज माझा दिवा कुठल्या रंगाचा हवा?" असं विचारते.

ईश्वरी करावे गावची. बुटकी, काटक, भराभर पावलं टाकणारी. तिची आई सखूताई नेरूळच्या बाजारात मासळी विकते. मी पट्टा बांधायला खाली बसले तर ही पोर लाजून पाय मागे घेते. "मॅडम, तुमी नका माज्या पायाला हात लावू, कसं वाटतं ते." मला हिच्यात मी दिसते. तो तिच्याशी फारसं बोलत नाही. माझ्याशीही बोलायचा नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज तळपायाची आग मस्तकात गेली.

तिसऱ्या फेरीत जाईचा दिवा लाल झाला. पट्टा सैल होता, एवढंच. मी तसं सांगायच्या आत तो मैदानातून धावत आला. साठीला आलेला माणूस, शिट्टी गळ्यात उडत होती. तिला बसवलं, स्वतः बर्फ आणला, तिच्या घरी फोन केला. "दोन दिवस आराम. वाद नको." मी म्हटलं, "सर, पट्टा सैल होता." तर म्हणे, "असेल. तरी पण."

माझं हाड तीन आठवडे ओरडत होतं. हिच्या सैल पट्ट्याला बर्फ!

सैल पट्ट्याने दिवा उगाच लागत असेल तर त्या मुलीची मर्यादा काही दिवस वाढवायची सोय आमच्या प्रणालीत आहे. कारण लिहायचं, आठवड्याने पूर्ववत करायची. मी जाईची दहाची अठरा केली. कारण लिहिलं, "पट्टा सैल, तात्पुरते." नियमात बसतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आठवडा झाला. अठराची दहा करायची होती. केली नाही.

का केली नाही ते इथे तरी खरं लिहावं. काल बसून विचार केला. हा माणूस दिव्यावर चालतो. हिरवा असला की पळवतो. शनिवारी आम्ही त्याच्या मेलवर वीस पानी रिपोर्ट पाठवतो, त्यात सगळे खरे आकडे असतात. तो ते उघडत नाही, मला इकडून दिसतं. म्हणजे समजा, जाईचा पाय खरंच दुखायला लागला. दिवा हिरवाच राहील. तो तिला पळवील. आणि एक दिवस ती कोसळेल, सगळ्यांसमोर. मग मी अकादमीच्या समितीपुढे रिपोर्ट ठेवीन. "आकडे दर शनिवारी सरांना पाठवत होतो. त्यांनी बघितले नाहीत." मग त्याला कळेल खोली रिकामी कर म्हटल्यावर कसं वाटतं.

मी काहीच करत नाहीये. फक्त एक आकडा बदलायचा राहून गेलाय.

जाई सतरा वर्षांची आहे. हे मनात आलं, म्हणून लिहिलं. पण तिला चांगले डॉक्टर मिळतील. सहा महिन्यांत उभी राहील. माझ्या नडगीत घातलेल्या सळईसाठी बाबांनी गावची जमीन विकली होती.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून पट्टे मुलींनी आपापले बांधायचे. सांगून टाकलं. जाईच्या पायाशी रोज गुडघे टेकून बसायचं मला सहन होत नाही. शिवाय खाली बसलं की माझी सळई टोचते. त्याला सांगितलं तर म्हणाला, "मुली गडबड करतील मॅडम." मी म्हटलं, "शाळेत जातात सर, नंबर वाचता येतात." शिट्टी उचलून मैदानाकडे वळला. बरं वाटलं.

२ डिसेंबर, मंगळवार

ईश्वरीचा दिवा लाल. बारा टक्के, उजवा पाय वाचवत नव्हती, डावा वाचवत होती. डावा. माझाही डावाच.

त्याने तिला तीन दिवस बसवलं. सरळ सांगितलं, "अकरा जानेवारीला राज्य स्पर्धेसाठी निवड चाचणी आहे. त्याआधी परत लाल झाला तर या वर्षी नाही. पुढच्या वर्षी बघू."

पोर शेडच्या मागे जाऊन रडली. मी गेले. "मॅडम, पुढल्या वर्साला मी कुठं? माजी बारावी होईल. आई बोल्ली हाय, यंदा राज्याला गेलीस तं पळ, नायतं बाजारात बस माज्यासंगं." मी तिला पाणी दिलं. आणि कुणालाच सांगत नाही ते तिला सांगितलं. नाव घेतलं नाही, "एक कोच होता" म्हटलं. माझं हाड, खोली, गादी, आणि वहीचं शेवटचं पान. तिने डोळे पुसले. "पूर्ण नाव लिवलं?" "बापाच्या नावासकट." "मंग?" "मग काही नाही. वाट बघायची."

ती बराच वेळ माझ्या नडगीकडे बघत होती. मग म्हणाली, "मी नाय सोडनार, मॅडम." मला तिचा अभिमान वाटला.

५ डिसेंबर, शुक्रवार

शेडमध्ये मुलींची थट्टा चालली होती. जाईने पट्टा मुद्दाम उलटा बांधून दोन फेऱ्या मारल्या, तरी दिवा हिरवा. "माझा दिवा म्हणजे ना, दगड बांधून पळाले तरी लाल होणार नाही!" सगळ्या हसल्या. ईश्वरी हसली नाही, स्क्रीनकडे बघत राहिली. बिचारी, अजून तिच्या लाल दिव्याचं मनाला लावून घेतलंय.

मी जाईला दटावलं. असली मस्करी त्याच्या कानावर जायला नको.

१० डिसेंबर, बुधवार

दोन चांगल्या गोष्टी.

पहिली म्हणजे ईश्वरी पुन्हा पळायला लागली आणि तिचा फरक बारावरून तीनवर आलाय! तीन! आणि पावलंही लांब पडतायत. पूर्वी मिनिटाला एकशे नव्वद टाकायची, आज एकशे अठ्ठ्याहत्तर. मी तिला "जरा लांब टाक पाऊल, आपटू नकोस" म्हणून सांगितलं होतं. ऐकलं पोरीने. चौदा वर्षांत माझा कुणाला काही उपयोग झाला असेल तर तो हा.

दुसरी, जाई तेरावर गेली. सैल पट्टा नाही, सगळ्या फेऱ्यांत सारखं दिसतंय. डावा पाय वाचवतेय. पावलंही आखूड आणि भराभर, दुखण्यामुळे चाल बदलली असणार. चेहऱ्यावर मात्र काही नाही, हसतेय आपली. पोरगी पक्की आहे.

जाईने आज सगळ्यांसाठी गुडघ्यापर्यंतचे मोजे आणले, पट्ट्याच्या वरून घालायला. "टीम लुक, मॅडम!" पैसा असला की सुचतं.

१३ डिसेंबर, शनिवार

जाई सोळा. अठराची मर्यादा जवळ आली. मी तीस केली. या वेळी कारण लिहिताना हात थोडा अडला. मग तेच लिहिलं, "पट्टा सैल."

या बदलांची नोंद प्रणालीत राहते, पुसता येत नाही. पण ती बघायला कोण बसलंय?

२० डिसेंबर, शनिवार

जाई बावीस.

जेवताना आई म्हणाली, "हल्ली बरी दिसतेस गो. एकटीच हसतेस. कुणी भेटला काय?" मी म्हटलं, "हो, जुनी ओळख निघाली." आई खूश झाली. म्हणाली, "घरी घेऊन ये मग." मला इतकं हसू आलं की भात नाकात गेला.

मग खूप वेळ झोप लागली नाही. नडगी दुखत होती. थंडीत दुखते.

२७ डिसेंबर, शनिवार

आज तो शेडमध्ये आला. स्क्रीनसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, ईश्वरीचं पाऊल मला जरा खटकतंय. तुमचा दिवा काय म्हणतो?"

"हिरवा आहे सर. तीन टक्के. सगळ्यांत चांगला आकडा तिचाच आहे."

"नक्की?"

"यंत्र आहे सर. ते नाटकं करत नाही."

मुद्दाम म्हटलं. बघत होते काही हलतं का चेहऱ्यावर. तो नुसता मान हलवत राहिला. "मग ठीक. माझ्या डोळ्यावर मी जात नाही हल्ली."

हल्ली जात नाही! जायचं तेव्हा गेला नाही. आणि आता एका गरीब पोरीचा पाय चांगला चाललाय तर त्याला खटकतोय. जाईबद्दल एक शब्द विचारला नाही. मी खोटं बोलले असते. ती वेळच आली नाही, आज मी शंभर टक्के खरं बोलले.

३१ डिसेंबर, बुधवार

जाई सव्वीस.

३ जानेवारी, शनिवार

ईश्वरी शेडच्या पायऱ्या आडवी होऊन उतरते, एकेक करून. विचारलं तर म्हणाली, "सवय हाय मॅडम, बोटीवरनं असंच उतरतो." तिच्याजवळ बसलं की कसल्याशा मलमाचा वास येतो. सखूताई गुडघ्यांना लावते, तोच घरभर येत असेल. मासळीवाल्या बायांचे गुडघे जातातच.

जाई हल्ली माझ्याशी कमी बोलते. आज पट्टे ठेवताना म्हणाली, "मॅडम, एखाद्याचं खरंच दुखत असेल आणि दिवा हिरवा असेल, तर तुम्हाला कळतं का?"

म्हणजे दुखतंय तर! मी म्हटलं, "तुला काही सांगायचंय का?"

ती ईश्वरीकडे बघायला लागली. ईश्वरी मोजे घडी करत होती, वर बघितलं नाही. "नाही," जाई म्हणाली. "सहजच विचारलं."

मी सांगू शकले असते. "पाय दुखतोय तर थांब." चार शब्द. तोंडापर्यंत आले होते. मग तो दारात आला आणि शिट्टी वाजवली. ती शिट्टी ऐकली की मी सतरा वर्षांची होते आणि मला कुणाची दया येत नाही.

१० जानेवारी, शनिवार

उद्या चाचणी. जाई अठ्ठावीस. एवढ्या आकड्यावर हाड किती दिवस टिकतं ते मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. उद्या टिकणार नाही.

कपड्यांना इस्त्री केली. आईला वाटतंय काही समारंभ आहे.

११ जानेवारी, रविवार

मी स्क्रीनकडे बघत होते.

अकादमीचीच चाचणी म्हणून पट्टे चालतात. समितीचे तिघे खुर्च्यांवर. मैदानाकडे माझी पाठ नव्हती, पण नजर स्क्रीनवरच. पहिल्या फेरीला जाई अठ्ठावीस. दुसरीला एकोणतीस. तिसरीला आकडा अचानक शून्य झाला आणि मैदानातून किंचाळी आली. मी मनात म्हटलं, झालं. चौदा वर्षांनी झालं.

वर बघितलं तर जाई सगळ्यांच्या पुढे पळत होती. लांब लांब टांगा टाकत. मग तिने मागे वळून बघितलं, थांबली आणि उलटी धावत सुटली.

खाली ईश्वरी पडली होती.

तो माझ्याआधी पोचला होता. तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. मला ओरडला, "पट्टा काढा, सुजायच्या आत!" मी गुडघे टेकले. मोजा कापला. पट्टा सोडला. सेन्सर हातात आला. त्यावर माझ्याच अक्षरात लाल नेलपॉलिशचा चार.

१२ जानेवारी, सोमवार

जाई घरी आली होती. पत्ता कुठून काढला कोण जाणे. आईने तिला पाणी दिलं. ती उभीच राहिली आणि एका दमात सांगून टाकलं.

"ईश्वरी म्हणाली, तुझा दिवा कधीच लाल होत नाही, माझा झाला की सर काढणार. फक्त चाचणीपर्यंत बदलूया. मी नाही म्हटलं होतं मॅडम. ती पाया पडली माझ्या. मग मोजे आणले मी, नंबर दिसू नयेत म्हणून. मला वाटलं, खरंच जास्त झालं तर माझ्या नावापुढे तरी लाल लागेल. रोज बघायचे मी. लागलाच नाही. म्हणून वाटलं, इतकं काही नसेल." मग म्हणाली, "माझा दिवा लाल का झाला नाही, मॅडम?"

मी म्हटलं, "बिघाड असेल."

ती रडत गेली. आई दारातच उभी होती. माझ्याकडे बघत राहिली, काही विचारलं नाही. तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं.

ज्या दिवशी सात नंबर तीनवर आला त्या दिवशी मी आनंदाने उद्गारचिन्हं टाकलीत या वहीत. मागची पानं उलटून बघितली. लांब पावलं जाईची होती. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलंय. पायऱ्या, मलम. फक्त मी वाचलं नव्हतं.

१३ जानेवारी, मंगळवार

ईश्वरीच्या नडगीत सळई घातली. डाव्या.

निखिल साहेबांचा फोन. "समितीने आपल्याकडून एक पानी खुलासा मागितलाय. आपण क्लिअर आहोत. सेन्सर मुलींनी बदलले, आकडे दर शनिवारी कोचला जात होते, त्याने बघितले नाहीत. एवढंच लिही, जास्त काही नको. टेन्शन घेऊ नको."

मी नोव्हेंबरपासून जे वाक्य मनात घोळवत होते, ते त्यांनी मला आयतं लिहून दिलं.

१४ जानेवारी, बुधवार

शेडमधलं सामान आवरायला गेले. तो आत आला. तिळगुळाची पुडी टेबलावर ठेवली. संक्रांत आहे हे माझ्या लक्षातही नव्हतं.

"समितीला मी लिहून दिलंय," तो म्हणाला. "दोष माझा. राजीनामा जोडलाय. तुमच्या कंपनीवर काही येणार नाही."

मी सेन्सर खोक्यात भरत राहिले.

"मला खटकलं होतं तिचं पाऊल. तरी पळवली." मग खाली बघत म्हणाला, "दुसऱ्यांदा, संघप्रिया."

नोव्हेंबरपासून मी त्याच्यासाठी मॅडम होते.

"तू पहिल्या दिवशी दारातून आत आलीस तेव्हाच ओळखलं. डावं पाऊल बाहेर पडतं तुझं. सळईच्या पायाचं पडतं तसं. तुझ्या वेळी माझा डोळा चुकला असं लोकांना सांगत आलो. चुकला नव्हता. मला दिसत होतं, चाचणी जवळ होती म्हणून मी बघितलं नाही. म्हणून हे दिवे मागवले. दोन वर्षं समितीच्या मागे लागलो होतो. म्हटलं, आता माझ्या मर्जीवर नको काही, दिवा सांगेल ते. माफी मागत नाही. मागायला तोंड नाही."

मला राग आला. खरं तेच लिहिते, त्याची कीव नाही आली, राग आला. चौदा वर्षं मी याच्यासाठी शिक्षा जपून ठेवली होती आणि हा माणूस ती स्वतःच उचलून निघाला. त्यातही माझा वाटा घेऊन! मी ओरडणार होते, "ती तुमची नाही, माझी आहे." तोंडातून निघालं नाही. तो गेला. पुडी तशीच राहिली.

घरी येऊन प्रणालीतली नोंद काढली. एक पान. ११ नोव्हेंबर, दहाची अठरा. १३ डिसेंबर, अठराची तीस. दोन्हीपुढे माझं नाव. छापून घेतलं.

१५ जानेवारी, गुरुवार

सकाळी अकराला कागद समितीला दिला. निखिल साहेबांचे नऊ फोन येऊन गेले, उचलले नाहीत. नोकरी गेली असं समजते. समितीतल्या बाईंनी दोनदा वाचला आणि विचारलं, "हे तुम्ही स्वतःहून आणलंत?" मी हो म्हटलं. त्यांना वाटलं असेल मी प्रामाणिक आहे.

दुपारी हॉस्पिटलात. सखूताई ईश्वरीला भात भरवत होती. मला बघून उठली, स्टूल पुसून दिलं. "बसा मॅडम. पोरगी तुमचंच नाव घेते. मॅडमचा पन असाच मोडलेला, मॅडम उभी रायली तं मी पन उभी रानार." ईश्वरी हसली. म्हणाली, "मॅडम, सरांना बोलू नका कुनी. त्यांनी मना पळवली नाय. मीच लबाडी केली."

मी स्टुलावर बसले नाही. उभ्यानेच सांगितलं. कागद तिच्या चादरीवर ठेवला, तारखांवर बोट ठेवून दाखवलं. जाईचा दिवा का लाल होत नव्हता ते सांगितलं. कुणासाठी केलं ते सांगितलं. तिच्यासाठी नव्हतं केलं असंही म्हटलं, आणि म्हणताना कळलं की हे कुणालाही सांगण्यासारखं वाक्य नाही.

सखूताईला सगळं समजलं नसावं. तिने ताट खाली ठेवलं आणि लेकीकडे बघितलं.

ईश्वरीने कागद वाचला. मग माझ्या नडगीकडे बघितलं, त्या दिवशी शेडमागे बघितलं होतं तसं, फक्त आता वेगळं. उशीखाली तिची बारावीची वही होती. ती काढली, उलटी केली आणि शेवटचं पान उघडलं.

"मॅडम, तुमचं पूर्न नाव काय?"

मी सांगितलं. संघप्रिया शिवराम सकपाळ. ती लिहायला लागली. तिचं पेन उमटत नव्हतं, दोनदा झटकलं तरी नाही. मी पर्समधून माझं काढून दिलं.